दुसऱ्या धर्मातली शिकवण सांगताना: कोकणातून नेहमी येणारे प्रश्न

परिपाठात बोधकथा सांगणारे शिक्षक, मंडळाच्या फळ्यावर सुविचार लिहिणारी मुलं, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन, चातुर्मासात कीर्तन करणारे बुवा, मशिदीच्या कमिटीतले तरुण, चर्चच्या युवक गटातल्या मुली अशा अनेकांकडून हे प्रश्न येत असतात. डहाणूपासून सावंतवाडीपर्यंत शब्द बदलतात, अडचण बहुतेक तीच असते. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा न सांगता तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. परिपाठात वेगवेगळ्या धर्मांतलं काहीतरी सांगायचं आहे. सुरुवात कुठून करू?

गावापासून करा. तिबेट आणि जेरुसलेम नंतर येतील. आपल्या किनाऱ्यावर काय काय आहे ते आधी पाहा. वसईचे सामवेदी आणि वाडवळ ख्रिस्ती, डहाणूचे इराणी-पारशी बागायतदार, मुरूड-श्रीवर्धनपासून दापोली, खेड, चिपळूण, राजापूरपर्यंतचे कोकणी मुसलमान, मालवण-वेंगुर्ल्याचे कॅथलिक, गावोगावच्या बौद्धवाड्या, बाजारपेठेतली जैन कुटुंबं. आणि अलिबाग-रेवदंड्याकडचे बेने इस्रायल ज्यू. त्यांतले बहुतेक 1948 नंतर इस्रायलला गेले, पण अलिबागची इस्रायल आळी आणि तिथलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, अजून आहे. रोहेकर, पेणकर, किहीमकर ही त्यांची आडनावं आपल्याच गावांवरून पडलेली.

नुसतं वचन सांगण्यापेक्षा एखादा आचार घ्या आणि त्याच्या मागची शिकवण सांगा. बेने इस्रायल लोकांचा व्यवसाय तेल गाळण्याचा. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. मुलांना विचारा, धंदा बुडवून एक दिवस घाणा बंद का ठेवायचा? बायबलच्या जुन्या करारातल्या ‘निर्गम’ या पुस्तकात विसाव्या अध्यायात ती आज्ञा आहे: सातव्या दिवशी तू काम करू नकोस, तुझ्या मुलामुलींनी करू नये, तुझ्या दासदासींनी करू नये, तुझ्या जनावरांनी करू नये, तुझ्या गावात राहणाऱ्या परक्या माणसानेही करू नये. म्हणजे मालकाबरोबर गडी विसावा घेतो, आणि घाण्याचा बैलसुद्धा. नवगावच्या किंवा रेवदंड्याच्या मुलाला ही गोष्ट सांगितली की त्याला ज्यू धर्म पुस्तकातला वाटत नाही.

२. शेवटी सगळे धर्म एकच सांगतात ना? मग कुठलंही वचन घेतलं तर काय बिघडलं?

हे वाक्य सद्भावनेने म्हटलं जातं, तरी ते सांगून थांबू नये. त्यामुळे पुढचं ऐकायचंच राहतं.

सगळ्यांत जास्त सारखी दिसणारी शिकवण घ्या. महाभारताच्या अनुशासनपर्वात म्हटलं आहे, ‘न तत्परस्य संदध्यात् प्रतिकूलं यदात्मनः’. स्वतःला जे प्रतिकूल वाटतं ते दुसऱ्याला करू नये, हाच थोडक्यात धर्म. येशूच्या थोडे आधी होऊन गेलेले ज्यू आचार्य हिल्लेल यांच्याकडे एकजण आला आणि म्हणाला, मी एका पायावर उभा आहे तेवढ्या वेळात सगळा धर्म शिकवा. हिल्लेल म्हणाले, तुला जे नकोसं वाटतं ते दुसऱ्याला करू नकोस. बाकी सगळं त्यावरचं भाष्य आहे, जा आणि शिक. मत्तयच्या शुभवर्तमानात (7:12) येशू म्हणतात, लोकांनी तुमच्याशी जसं वागावं असं तुम्हाला वाटतं तसंच तुम्ही त्यांच्याशी वागा. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत प्रेषितांचं वचन आहे: स्वतःसाठी जे आवडतं तेच आपल्या भावासाठी आवडेपर्यंत तुमच्यातला कोणी खरा श्रद्धावंत होत नाही.

आता फरक पाहा. पहिली दोन वचनं हात आवरायला सांगतात. तिसरं हात पुढे करायला सांगतं. चौथं मनातल्या इच्छेपर्यंत जातं. बौद्धांच्या पंचशीलात तर आज्ञा देणारा कोणी नाहीच. ‘पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि’, म्हणजे जीवहिंसेपासून दूर राहण्याची शिस्त मी स्वतः स्वीकारतो. जैन परंपरा ती अहिंसा एकेंद्रिय, म्हणजे फक्त स्पर्श जाणणाऱ्या, जीवांपर्यंत नेते. इस्लाममध्ये जकात ही देणाऱ्याची मर्जी नसते. ठरावीक मर्यादेपुढच्या बचतीवर चांद्रवर्षाला अडीच टक्के हा गरिबाचा हक्कच मानला आहे. हे फरक पुसले तर प्रत्येकाकडून शिकण्यासारखं जे खास आहे तेच हरवतं. आणि हिल्लेलची गोष्ट फॉरवर्ड होते तेव्हा ‘जा आणि शिक’ एवढंच गळून गेलेलं असतं, ही मला नेहमी खटकणारी गोष्ट.

३. आम्ही दुसऱ्या धर्माचे. त्यांचं वचन सांगायचा आम्हाला अधिकार आहे का?

आहे, आणि या कामाची आपल्याकडे जुनी वहिवाट आहे. पेण तालुक्यातल्या गागोद्याला 1895 साली जन्मलेल्या विनोबांनी मराठीत गीताई दिली आणि पुढे कुराण, धम्मपद, ख्रिस्ती धर्म यांचं सार काढून लोकांपुढे ठेवलं. कुराणासाठी ते अरबी शिकले. दापोली तालुक्यातल्या पालगडचे साने गुरुजी इस्लामी संस्कृतीविषयी तितक्याच आपुलकीने लिहीत. त्याआधी श्रीगोंद्याचे शेख महंमद ‘शेख महंमद अविंध (मुसलमान), त्याचे हृदयी गोविंद’ म्हणून गेले. नामदेवांची 61 पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. इंग्लंडहून आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गोव्यात ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत सांगितली.

फक्त एक पाळा. ‘इस्लाम असं सांगतो’ असं छातीठोक म्हणण्याऐवजी ‘कुराणात असं वचन आहे, मला ते असं कळलं’ म्हणा. आणि कार्यक्रमाआधी त्या परंपरेतल्या एका माणसाला वाचून दाखवा. मौलाना किंवा फादरच हवेत असं नाही. शेजारची चाची चालेल, तालुक्याच्या शाळेतले ख्रिस्ती सर चालतील.

४. आमच्या गावात सगळे हिंदूच. मग हे कुणासाठी?

हा प्रश्न येतो तेव्हा मी विचारते, गावात बौद्धवाडी नाही का? बऱ्याचदा असते. गावाच्या कडेला असते आणि मोजताना राहून जाते. ज्या मंडळाच्या फळ्यावर कुराणाचं आणि बायबलचं वचन येतं, त्याच फळ्यावर वर्षभरात धम्मपदाची एकही गाथा येत नाही, असं पुष्कळ ठिकाणी घडतं.

कोकणात तर याला अजिबात सबब नाही. बाबासाहेबांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी 20 मार्च 1927 रोजी त्यांनी आणि हजारो लोकांनी ओंजळीत घेतलं. महाडजवळच गांधारपाल्याची लेणी आहेत; दापोलीजवळ पन्हाळेकाजी आहे. बौद्ध विचार या मातीत दोन हजार वर्षं आहे.

एक काळजी मात्र घ्या. समाईक कार्यक्रमात ‘बुद्ध हा विष्णूचा नववा अवतार’ असं म्हणू नका. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये ही गोष्ट स्पष्ट शब्दांत नाकारलेली आहे. सांगणाऱ्याला तो गौरव वाटतो, ऐकणाऱ्याला आपली ओळख पुसल्यासारखी वाटते. देवळातल्या परंपरेत ती समजूत आहे. ती तिथेच राहू द्या.

५. फॉरवर्ड आलेलं वचन खरंच त्या ग्रंथातलं आहे का, हे कसं ओळखायचं?

पत्ता मागा. कुराणाच्या वचनाला सूरह आणि आयत क्रमांक असतो, बायबलला पुस्तक, अध्याय आणि ओवी, धम्मपदाला गाथेचा क्रमांक. हदीस असेल तर संग्रहाचं नाव आणि तिचा दर्जा, म्हणजे सहीह (पक्की), हसन (चांगली) की जईफ (कमकुवत), हेही विचारा. पत्ता नसलेलं वचन गोड असलं तरी बाजूला ठेवा.

नेहमी फिरणारी काही इथेच सांगते. ‘जो स्वतःला मदत करतो त्यालाच देव मदत करतो’ हे बायबलमध्ये कुठेही नाही. ‘ज्ञानासाठी चीनपर्यंत जा’ हे प्रेषितांच्या नावावर सांगतात. हदीसचे अभ्यासक ते विश्वासार्ह मानत नाहीत. ‘राग धरणं म्हणजे दुसऱ्यावर फेकायला जळता निखारा हातात घेणं’ हे बुद्धाच्या नावावर फिरतं. त्याच्या जवळचा दृष्टांत पाली भाष्यकार बुद्धघोषांच्या विशुद्धिमग्ग या ग्रंथात आहे आणि ते बुद्धानंतर जवळपास हजार वर्षांनी झाले. निखारा बाजूला ठेवा आणि धम्मपदातली पाचवी गाथा घ्या: ‘न हि वेरेन वेरानि सम्मन्तीध कुदाचनं’, वैराने वैर कधीच शमत नाही, अवैरानेच शमतं.

अभंगांचं तर विचारूच नका. शेवटी ‘तुका म्हणे’ जोडलं की झाला अभंग, असं चाललं आहे. गाथेत सापडला तरच तो तुकोबांचा म्हणून लिहा.

६. वचन लांब असेल तर अर्धं सांगितलं तर चालेल का?

अर्थ बदलत नसेल तर चालेल. पण तीन वचनं अशी आहेत की ती नेहमी अर्धीच सांगितली जातात.

कुराण 5:32, ‘एका माणसाला मारणं म्हणजे साऱ्या मानवजातीला मारणं’. पूर्ण आयतीत हे बनी इस्राईलला, म्हणजे इस्राएलच्या वंशजांना, सांगितलेलं आहे, आणि ‘खुनाबद्दल किंवा पृथ्वीवर अनाचार माजवल्याबद्दल नसताना’ अशी अट मध्ये आहे. पुढचा भाग तर क्वचितच सांगतात: ज्याने एकाचा जीव वाचवला त्याने साऱ्या मानवजातीचा वाचवला. असंच वचन ज्यूंच्या मिश्ना या धर्मनियमांच्या संग्रहातही आहे. अट लपवली की उद्या कोणीतरी ती वाचतो आणि तुम्ही फसवलंत म्हणतो. अटीसकट सांगा, वचन त्याने लहान होत नाही.

‘एकं सद् विप्रा बहुधा वदन्ति’ (ऋग्वेद 1.164.46), म्हणजे सत्य एकच, जाणते ते नाना प्रकारे सांगतात, हे आज सर्वधर्मसमभावाचं ब्रीद झालं आहे. ऋचेत नावं आहेत ती इंद्र, मित्र, वरुण, अग्नी यांची. तिचा विस्तार पुढच्यांनी केला, तो चांगलाच केला, पण तो विस्तार आहे असं म्हणावं.

तिसरं कालाम सुत्त, म्हणजे बुद्धांनी कालाम लोकांना केलेला उपदेश. ‘तुमच्या बुद्धीला पटेल तेच माना’ एवढंच सांगतात. बुद्ध तिथे नुसत्या तर्कावरही विसंबू नका म्हणतात. एखादी गोष्ट आचरल्यावर हित होतं की अहित, जाणते तिची निंदा करतात की स्तुती, हे स्वतः जाणून घ्या असं सांगतात. ही कसोटी जास्त कठीण आहे.

७. ग्रंथांत कडक, बायकांना किंवा एखाद्या जातीला कमी लेखणारी वचनंही असतात. ती सांगायची की झाकायची?

लहान मुलांच्या परिपाठात ती आणायची गरज नाही. मोठ्यांच्या बैठकीत कोणी विचारलं तर झाकू नका. महाडलाच 25 डिसेंबर 1927 रोजी मनुस्मृती जाळली गेली. ती का जाळली हे टाळून कोकणात नीतीच्या गोष्टी सांगता येणार नाहीत.

इथे आपला कल कुठे जातो ते तपासा. आपल्या ग्रंथातलं गोड निवडायचं आणि दुसऱ्याच्या ग्रंथातलं कडू, हे फार चालतं. एकाचं पसायदान आणि दुसऱ्याची युद्धातली आयत शेजारी ठेवली तर तुलना आधीच ठरलेली असते. त्यापेक्षा प्रत्येक परंपरेत आतून बोललेली माणसं पुढे आणा. दांभिकांवर सगळ्यांत जोराचे आसूड तुकोबांनी ओढले, तेही आपल्याच लोकांवर. चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी 1970 मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं आणि तलाकपीडित स्त्रियांचा प्रश्न आपल्या समाजापुढे मांडला. त्यांची मतं सर्वांना पटत नाहीत, तेही सांगा.

८. आपल्या धर्माची थोरवी सांगताना दुसऱ्याची निंदा होतेच. ती कशी टाळायची?

सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा. तिथे सम्राट अशोकाच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखाचे तुकडे सापडले. नवव्यात तो म्हणतो, लोक नाना मंगल विधी करतात, पण खरा मंगल विधी म्हणजे दासांशी आणि नोकरांशी नीट वागणं, गुरुजनांचा आदर, प्राण्यांबाबत संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान. (प्रश्न १ मधला घाण्याचा बैल आठवला का?) बारावा लेख सोपाऱ्याला मिळालेला नाही, तो गिरनारसारख्या ठिकाणी आहे. त्यात तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे: जिभेवर ताबा ठेवा, कारणाशिवाय आपल्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याची निंदा करू नका, असं करणारा आपल्याच पंथाचं जास्त नुकसान करतो, एकमेकांचा धर्म ऐकून घ्या.

व्यवहारात एवढं करा: तुलनेचा शब्द गाळा. ‘आमच्यात असं नाही’, ‘त्यांच्यातसुद्धा हे आहे’ ही दोन वाक्यं भाषणातून काढली तरी अर्धं काम होतं. ‘त्यांच्यातसुद्धा’ मधला ‘सुद्धा’ ऐकणाऱ्याला टोचतो.

९. सर्वधर्म प्रार्थनेत काहीजण गप्प उभे राहतात. त्यांना म्हणायला लावावं का?

नाही. दुसऱ्या दैवताला उद्देशून प्रार्थना म्हणणं मुसलमानाला, ज्यूला, काही ख्रिस्ती पंथीयांना त्यांच्या श्रद्धेनुसार शक्य नसतं. बौद्ध माणूस कुठल्याच देवाला आळवणार नाही. गप्प उभं राहणं हा त्यांनी ठेवलेला मान आहे, तसाच घ्या.

मालवणी मुलखात गाऱ्हाणं घालताना एक जाणता बोलतो आणि जमलेले ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. समाईक सभेत असं एका सुरात होणार नाही हे धरून चाला. प्रत्येकाने आपली प्रार्थना आपल्या पद्धतीने म्हणावी, बाकीच्यांनी शांत ऐकावं, हे सगळ्यांत बरं. पसायदान ज्ञानदेवांनी साऱ्या विश्वासाठी मागितलं, दुष्टांचाही नाश न मागता ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ असं मागितलं. ते जरूर ऐकवा. पण ते विश्वात्मक देवाला उद्देशून आहे, म्हणून सक्ती तिथेही नको. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत तर राज्यघटनेचं 28 वं कलमच सांगतं की विद्यार्थ्याच्या, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही.

१०. मुलं विचारतात, ‘मग खरा देव कुठला?’ काय सांगावं?

मुलाला त्याच्या घरी काय शिकवतात ते आधी त्यालाच विचारा आणि ते खोडू नका. मग सांगा की माणसं याची वेगवेगळी उत्तरं देतात. काही अनेक देव मानतात, काही एकच, काही एकही नाही, आणि तिन्ही घरांत चांगली माणसं असतात. निकाल देणं शिक्षकाचं काम नाही. कुठल्याच देवाला न मानणाऱ्या घरातलं मूलही वर्गात असतं, हे लक्षात असू द्या.

११. अरबी आयत किंवा प्रेषितांचं चित्र फलकावर लावलं तर?

दोन्ही नको. फळा पुसला जातो, बॅनर खाली पडतो, पायदळी येतो. मूळ आयतीची तशी विटंबना मुसलमानांना सहन होत नाही. मराठीत भावार्थ लिहा, खाली क्रमांक द्या. प्रेषितांचं चित्र तर कुठल्याही हेतूने काढू नये. गुरू ग्रंथसाहिबाच्या मूळ ओळींबाबतही हीच काळजी घ्या.

१२. सणाला कोणतं वचन पाठवू?

आनंदाचा सण आहे की शोकाचा, एवढं आधी पाहा. गुड फ्रायडे आणि मोहरमची दहावी तारीख या ‘हार्दिक शुभेच्छा’ देण्याच्या तिथी नव्हेत. पर्युषणाच्या शेवटी जैन शेजारी ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो तेव्हा तो क्षमा मागत असतो; उत्तरात आपणही मागावी. रमजानमध्ये बैठक दुपारी ठेवून चहा फिरवू नये.

१३. कायद्याची अडचण येऊ शकते का?

राज्यघटनेच्या 25 व्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे. जाणीवपूर्वक आणि दुष्ट हेतूने एखाद्या वर्गाच्या धार्मिक भावना दुखावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 299 खाली गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पूर्वी हेच दंड संहितेचं 295-अ होतं. सद्हेतूने, पत्त्यासह वचन सांगणारा यात येत नाही. ग्रुपवर कोणी भडकाऊ मजकूर टाकला तर ॲडमिनने तो लगेच काढावा.

१४. सगळं सांभाळूनही कोणी दुखावलं तर?

आधी ते वचन काढून टाका, मग चर्चा करा. ग्रुपवर खुलासे लिहीत बसू नका, घरी जा. नेमकं काय लागलं ते विचारा. पुष्कळदा वचनाचं काहीच नसतं. ते कुणाच्या तोंडून आलं किंवा कुणाच्या शेजारी लावलं याचं असतं. त्यांनी सुचवलेलं वचन पुढच्या आठवड्यात लावा.

आणि तक्रार करणारा एकटा असेल, गरीब असेल, वाडीच्या टोकाचा असेल, तर जास्त वेळ बसा. ‘जे का रंजले गांजले’ फळ्यावर लिहिणाऱ्या मंडळाकडून एवढी अपेक्षा आहे.

१५. वचनाखाली नाव कसं लिहायचं?

त्या परंपरेतली माणसं घेतात तसं, सगळ्यांना सारख्याच मानाने. एकीकडे ‘संत तुकाराम महाराज’ आणि दुसरीकडे नुसतं ‘मुहम्मद’ असं नको, ‘प्रेषित मुहम्मद (स.)’ लिहा. ‘भगवान बुद्ध’ किंवा ‘तथागत बुद्ध’, ‘भगवान महावीर’, ‘गुरू नानकदेव’, ‘प्रभू येशू’. येशूंना मुसलमान ‘हजरत ईसा’ म्हणतात. वचन बायबलमधलं असेल तर ख्रिस्ती रूप वापरा, कुराणातलं असेल तर दुसरं. अक्षरांचा आकार सगळ्यांना एकच. गाथेतला अभंग असेल तर क्रमांकाबरोबर गाथेची प्रतही लिहा, कारण प्रतीप्रतीत क्रमांक वेगळे असतात. हदीस असेल तर प्रश्न ५ प्रमाणे संग्रहाचं नाव.